पुढच्या वर्षी राजय्याअण्णा

जमलेल्या सर्वांना नमस्कार. राजय्याअण्णांना जाऊन आठवडा झाला, तरी त्यांच्याविषयी 'होते' म्हणताना माझी जीभ अडखळते. मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस म्हणून मी निवृत्त झाले. बोलण्याची सवय आहे. असं बोलण्याची नाही. शोकसभेत कुणाला दुखवू नये, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं. त्यांनी आपल्याकडची महापौरांची निवड पाहिली नव्हती.

अण्णा सूत रंगवणाऱ्या घरातले. घरी तेलुगू, बाजारात कन्नड, माझ्याशी मराठी. हात कोपरापर्यंत लाल. नगरसेवक झाले, तरी लालच. दुष्काळात रंगाचे हौद कोरडे पडले. सूत रंगेना, म्हणून माग थांबले. गल्लीच्या गल्ली भिवंडीला गेली. अण्णा माझ्या ओट्यावर बसून म्हणायचे, "टीचर, गावातल्या बुजलेल्या विहिरी उपसायच्या. विहिरीचं पाणी हौदाला, नळाचं चुलीला. माग चालले की माणसं परत येतील की."

यासाठी त्यांना महापौर व्हायचं होतं. फक्त यासाठी.

आणि आपली रीत काय? महापौर एका वर्षाचा. निवड बिनविरोध व्हावी, शहराची शोभा राहावी. मग अर्ज मागे कुणी घ्यायचा? अण्णांनी. पुढारी म्हणायचे, "अण्णा, पुढच्या वर्षी तुम्हीच." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. माघार घेणाऱ्यानं नव्या महापौरांच्या अंगावर पहिली चादर घालायची, हीही रीत. अण्णा स्वतः रंगवलेल्या सुताची चादर न्यायचे.

मी म्हणायचे, "अण्णा, ते तुम्हाला फसवतायत."

"शब्द दिलाय की त्यांनी, टीचर."

"मागच्या वर्षीही दिला होता."

"तोच हाय. जपून ठेवलाय त्यांनी, वापरला न्हाय." आणि हसायचे.

यंदाही अर्ज मागे घेतला. यंदाही चादर घातली. पुढचं वर्ष काही त्यांनी पाहिलं नाही.

परवा त्यांच्या पत्नीला, नरसम्माक्कांना भेटायला गेले. पुढाऱ्यांनी अण्णांच्या फोटोला वाहिलेल्या चादरींचा ढीग पडला होता. अक्का म्हणाल्या, "एवढ्या चादरी, टीचर. पांघरणारा कुटं हाय?" तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचतंय?

पहिल्या रांगेतल्या नगरसेवक मंडळींनो, अण्णांचं नाव चौकाला देणार म्हणे. चौक राहू द्या. त्यांच्या गल्लीतली एक विहीर उपसा. एक हौद भरा. भिवंडीहून एक घर परत येऊ द्या. अण्णांनी मांडलेला विहिरींचा ठराव अजून सभागृहात पडून आहे. तो पुन्हा मांडायला आता अण्णा येणार नाहीत, आणि माघार घ्यायलाही येणार नाहीत.

चला, उभे राहू. दोन मिनिटं गप्प राहायचं आहे. तुम्हाला जड जाणार नाही. तो ठराव आला, तेव्हाही तुम्ही असेच गप्प होता. आज फक्त मान खाली घाला.