अनुमोदक

माहा जन्म टोल्यातला. मोहाडी तालुक्यात तलावाच्या अलीकडं आमचा टोला, पलीकडं मोठं गाव आन मधात तलावाची पार, म्हंजे मातीचा बांध. दुसरीपर्यंत शाळा झाली, मंग बाबानं म्हशीमांगं लावलं ते लावलंच. धानाची शेती, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, मधात काही वर्षं सायकलीनं वरठीले कारखान्यात रोजीनं जात होतो. पुढारी मी कधी झालो नाही, हे पयलेच सांगून ठेवतो, काहून का लोकं मले अजून सरपंच म्हनतात. सरपंच माही बायको होती. मी तिच्या खुर्चीवर बसत होतो.

ती आंबागडची, किल्ल्याखालची. बाप जंगलात मजुरी करे. चवथी शिकली होती, म्हंजे माह्यापेक्षा दोन यत्ता जास्त, हे तिनं कधी बोलून नाही दाखवलं पन मले ठाऊक होतं. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आन माह्यासारखा गडीबी बायकोचं घेत नाही. लग्नात बायायनं दार अडवलं तवा एकदा घेतलं, तेवढंच. मंग आयकलं का वो म्हटलं का तिले समजे, आन ती म्हने, आयकून रायली ना. एकदा मतदार यादीवाले गुरुजी आले, मी बांधीत, धानाच्या वावरात होतो. गुरुजी म्हने नवऱ्याचं नाव सांग. आता नाव कसं घ्यावं, तिनं गळ्यातल्या पोतीवर बोट ठेवलं आन म्हने, हे, आन याच्या पुढं देवाचं, सकाळी मानसं भेटले का म्हनतात ते. पोतीत दोन मोती होते, ती मोती दाखवून रायली होती. गुरुजीले काळे मनी दिसले, त्यायनं लिहून टाकलं मनीराम. माहं नाव मोतीराम. दोन निवडणुका मी मनीराम म्हनून मत टाकलं, काय सांगू तुमाले.

पयले दोन्हीकडं मिळून एकच ग्रामपंचायत होती. एका वर्षी पान्यानं दगा देल्ला, मोठ्या गावानं तलावाचं पानी आपल्याकडं वळवलं, टोल्याच्या बांध्या भेगाळल्या, पारीवर मारामारी झाली आन तिकडच्या एकाचं डोस्कं फुटलं. काठी माही होती, लपवून काय करू आता. टोल्यानं म्हटलं आमाले वेगळं करा. केलं बापा वेगळं. दोन ग्रामपंचायती, दोन पाट्या, दिवाळीनंतरची मंडई, म्हंजे जत्रा बी दोन, तेबी एकाच दिवशी. तिकडच्या दंडारीची ढोलकी इकडं आयकू ये आन इकडची तिकडं, नाचनाऱ्याले समजे नाही कोनाच्या तालावर पाय टाकावा.

मंग आमच्याकडं बाईची जागा निघाली. लोकं म्हने मोतीराम, घरवालीले उभी कर, कारभार तू पाह्य. ती निवडून आली. हारबी लोकायनं मलेच घातला. मी खुर्चीवर बसलो, ती कागदावर सही करे आन चहा आने. पाहुने येत, सरपंचसाहेब म्हनत, मी मान हालवत होतो. खरं सांगतो, गोड लागे ते.

तलावाची पार खचाले लागली तवा सारं उघडं पडलं. खेकड्यायनं पार पोखरली होती, एका जागी तं बैल जाईल एवढं भोक. आमी मोहाडीले अर्ज देल्ला, तिथचे साहेब म्हने हे मोठ्या गावच्या हद्दीत येते. मोठ्या गावानं देल्ला तं त्यायले म्हने टोल्याच्या हद्दीत येते. आन आमी काय कमी होतो का, मासोळी काढाची वेळ आली का दोघंबी म्हनो तलाव आमचा, माती टाकाची वेळ आली का दोघंबी म्हनो तलाव त्यायचा. पार फुटली असती तं दोन्हीकडचं धान वाहून गेलं असतं, पान्यानं काही हद्द विचारली नसती.

पुढच्या खेपेले ती माह्यासंग मोहाडीले आली. साहेबानं मले विचारलं तुमी कोन. मी म्हटलं सरपंच. साहेब म्हने कागदात तं बाई हाय, तुमी बाहेर बसा. बसलो बाकड्यावर. ती आत बराच वेळ होती. येतानी फाट्यावर उतरलो तवा म्हने, दोन्ही गावं एक झाल्याबिगर पार बांधली जात नाही. मी म्हटलं, एक झाले तं तुही खुर्ची जाते. ती म्हने, माही का तुमची?

दुसऱ्या दिवशी एकटीच पारीवरून मोठ्या गावात गेली, तिथच्या सरपंचाकडं. तो कोन तं तोच, डोस्कं फुटलेला. तिनं त्याले दादा म्हटलं. त्यानं टोपी काढून दाखवलं, म्हने पाह्य बाई, तुह्या घरच्याची सही. ती म्हने, म्हनूनच माही घेऊन आली. तो हसला म्हने. ठरलं का दोन्हीकडच्या ग्रामसभेत सारखाच ठराव घ्याचा, पयले टोल्यात, मंग तिकडं.

आन मी काय केलं असन? मी टोल्यात घरोघरी गेलो. म्हटलं कोनी हात वर कराचा नाही. मले मोठ्या गावापुढं वाकाचं नव्हतं, असं मी लोकायले सांगे. खरं म्हंजे मले खुर्ची सोडाची नव्हती. घरात तिचं माहं बोलनं बंद. ती ताट वाढे आन चुलीकडं तोंड करून बसे.

ग्रामसभा शाळेच्या वरांड्यात भरली. ग्रामसेवकानं समजावलं, ठराव मांडनारा तो सूचक, त्याले हो म्हननारा तो अनुमोदक, दोघं नसले तं ठराव पडते. ठमाबुढी म्हने मी सूचक, लाव माहा अंगठा. मंग अनुमोदक कोन? कोनीच नाही. लोकं माह्याकडं पाहत आन खाली पाहत. मी मनात म्हटलं, पडला ठराव. ग्रामसेवकानं पेनाचं टोपन लावलं.

ती उठली. पदर नीट केला. ग्रामसेवकाले म्हने, लिहा. अनुमोदक, मोतीराम सोमाजी, राहनार टोला.

बायायनं तोंडाले पदर लावले. ठमाबुढी म्हने, अवं माय, नाव घेतलं वं हिनं. मांगून कोनी म्हने, मनीराम नोको लिहू साहेब. हसले लोकं. मी हसलो नाही. उठून नाही म्हनता येत होतं मले, हक्क होता. ती माह्याकडं पाहतबी नव्हती. इतके वर्षं जे नाव तिनं गुरुजीपुढं नाही आनलं, देवापुढं नाही आनलं, ते सगळ्या गावापुढं एका पारीसाठी काढलं, आन मी नाही म्हटलं असतं तं तिनं ते फुकट काढलं असतं. मी हात वर केला. म्हटलं, हो, लिहा.

मंग काय, कागदं फिरले, दोन वर्षं लागले, गावं एक झाले, पार बांधली. खुर्ची गेली. ती एकदा पुन्हा उभी रायली, मोठ्या गावचा मानूस निवडून आला, टोल्यातल्याबी काही लोकायनं तिले मत नाही देल्लं. वाईट वाटलं का म्हनून मी विचारलं. ती म्हने, पानी आलं ना बांधीत? आन दुसऱ्या दिवशी बायायसंग धानाच्या रोवन्याले गेली.

मागच्या रोवन्यात तिले ताप भरला. भंडाऱ्याले नेलं, तिथून जिवंत नाही आली. मातीले पारीवरून लोकं येतच होते, येतच होते. तो डोस्केफुट्या म्हातारा काठी टेकत आला, माह्याजवळ बसला, माह्या मांडीवर हात ठेवला.

मंग ग्रामसभेत तिचा शोकठराव घेतला. आताची ग्रामसेविका नवीन पोरगी हाय. म्हने बाबा, जुन्या रजिस्टरात एक नाव हाय, आधार कार्डात दुसरं, कोनतं लिहू. हात गळ्याकडं गेला माहा, तिचा गेला होता तसाच. पन माह्या गळ्यात काय हाय दाखवाले. ती पोरगी पेन धरून वाट पाहत होती. मी म्हटलं, सगुना. सगुना मोतीराम. आन अनुमोदक म्हनून माहं नाव टाक. ती म्हने बाबा, शोकठरावाले अनुमोदक नसला तरी चालते. म्हटलं, टाक.

आता एकटाच असतो. पोरगा नागपूरले, ये म्हनते, मी जात नाही. सकाळी चूल पेटवतो आन एकदा नाव घेतो, सगुना म्हनतो. ती असती तं तोंडाले पदर लावला असता, म्हटलं असतं, लाज नाही का वो बुढ्या.

तुमी घरवालीले नावानं हाक मारता ना? मारत जा बापा. चांगलं होईल तुमचं.