परीक्षेतली बायको

"दवाखान्यात लोकांचं बोलणं कानावर घेऊ नकोस, मग रात्रभर जागत बसशील," असं सासूबाईंनी बजावलं तेव्हा तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. आज मांडीवर तान्ही लेक होती, लसीचा नंबर यायचा होता, आणि मागच्या बाकावर एक शिकाऊ डॉक्टर एका काकूंपाशी गाऱ्हाणं मांडत होता. डॉक्टरांच्या परीक्षेत या काकू रुग्णाच्या बायकोचं सोंग घेत.

"काकू, मी खुर्ची जवळ ओढली, पाणी दिलं. तरी नापास?"

"पाणी छानच होतं रे. पण 'ह्यांना घरी कधी नेऊ?' असं मी विचारलं, तेव्हा काय म्हणालास?"

"'बघूया' म्हणालो."

"मग मी खुशाल उठले. नवरा वाचणार नाही, हे मला कळलंच नाही."

"अहो, ते नाटक होतं!"

"वॉर्डात आत्ता असं कुणी आहे?"

"एक आजोबा आहेत. सकाळी त्यांची मुलगी भेटली."

"तिला काय सांगितलंस?"

"तेच. 'बघूया.'"

"कुठाय ती?"

"गावी परत निघाली. बाबा सुधारतायत असं वाटलं तिला."

"लाव फोन. माझ्यासमोर."

"रडेल हो ती."

"रडू दे. जन्मभर तुझ्या नावानं रडण्यापेक्षा बरं."

"हॅलो, ताई... सकाळी मी स्पष्ट बोललो नाही. बाबा यातून उठणार नाहीत. आजची रात्रही अवघड आहे... हो, अजून ओळखतात. बसमधून उतरा, ताई. मागे फिरा."

लसीसाठी लेकीचं नाव पुकारलं गेलं, तरी पुढच्या बाकावरची तिची आई ऐकत तिथंच बसून राहिली.

तुमचं कुणी आजारी असेल, तर डॉक्टरांचं नुसतं 'बघूया' ऐकून घरी नका परतू. स्पष्ट विचारून घ्या.