साहेबाचा मडल

डोमा : एका शब्दापायी तलाव जाते काय, गुरुजी? पुन्हा वाचा!

गुरुजी : 'मडल', डोमाभाऊ. मालगुजारी संपली, तलाव सरकारचा झाला. मासोळीचा हक्क तुमचा कसा, हे विचारायला साहेब आला होता. त्यानं अहवालात इंग्रजीत लिहिलंय, इथं सगळा मडल आहे. म्हणजे गोंधळ. तलाव ठेकेदाराला द्या. हरकत आजच पाठवायची.

डोमा : गोंधळ? आमचा?

गुरुजी : डिक्शनरीत पाहिलं. मूळ शब्द 'मड', चिखल. चिखलात लोळून पाणी गढूळ करणं, ते मडल. पुढं डोक्यातल्या गढूळपणालाही तेच म्हणू लागले.

ताराबाई : म्हंजे इंग्रजबी तलावात लोळत होते! चैतात आपणबी तं चिखल तुडवतो, मासोळ्या वर याव्या म्हून...

डोमा : गप राह्य, माय! हा चिखल तूच केला. साहेबानं हक्काचं विचारलं, तू काय सांगतलं?

ताराबाई : सांगतलं थोडंसं.

डोमा : थोडंसं? बैलाएवढी मरळ मासोळी! नाकात नथ! तिनं बाबाले नेलं, अन् बदल्यात गावाले तलाव देल्ला!

ताराबाई : साहेब हासला ना! चहा नाकातून आला त्याच्या.

डोमा : हासला अन् लिवून गेला! चौतीस घरं काय खातीन आता? तुह्या मरळीची नथ?

ताराबाई : लहानपणी तूच म्हणे, माय, पुन्हा सांग.

डोमा : पाच वर्साचा होतो मी! बाबा कुठी गेला, हे विचारून राह्यलो होतो!

गुरुजी : डोमाभाऊ, हळू.

डोमा : काऊन हळू? साऱ्या गावाले खरं मालूम हाय. पण हिच्यापुढं कोणी बोलत नाई. साहेबापुढंबी नाई बोलले. माना खाली घालून उभे, हिच्या मरळीपायी!

गुरुजी : बाई, ज्यांनी तलाव राखला त्यांचा हक्क. तलावाच्या बांधाची ही पाळ कोणी वाचवली, एवढंच लिहायचं आहे. तुम्ही तिथं होता.

ताराबाई : लिवा. पुरात पाळीले भगदाड पडलं. ते बुजवाले उतरले.

गुरुजी : कोण? नाव लागेल, बाई.

ताराबाई : ...मनसाराम.

डोमा : माय, तू बाबाचं नाव घेतलं.

ताराबाई : पाळ राह्यली, गुरुजी. तिसऱ्या दिशी पाणी निवळलं. तवा दिसले.