घरभेटींना मी

…नाही, नाही, तुम्हीच सांगा, याला काम म्हणतात का? लोकांच्या पायरीवर बसायचं, चहा प्यायचा, 'मावशी, गुडघा काय म्हणतोय?' असं विचारायचं, आणि संध्याकाळी फळ्यावर लिहायचं 'घरभेटी, पूर्ण दिवस'! आणि मी? ओस पडत चाललेल्या गावात पुन्हा जीव आणायचा म्हणून आम्हा तिघांची टीम नेमलीय, त्यात सगळ्यात जुना मी, बंद पडलेल्या शाळेचं केंद्र केलं मी, खिडक्या रंगवल्या मी, कोणी कधी काय करायचं ते वेळापत्रक लावतो मी, आणि गावात नाव कुणाचं? त्या नव्याचं! मी जळत नाही, बरं का. आपलं सहज बोलतोय.

तुम्हाला सांगतो, केंद्रात मी दिवसभर खुर्च्या मांडून, पंखा लावून बसतो… एक माणूस फिरकत नाही. आणि हा गल्लीतून गेला की पटापट दारं उघडतात! माझी सख्खी आत्या, सख्खी हो, माझ्या बापाची बहीण, तिच्या मांडीवर खेळलोय मी, ती मला दारात पाहून म्हणते, "तू होय? मला वाटलं, तो आला." त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. पण जळत नाही मी.

मग काय केलं? वेळापत्रक कुणाच्या हातात? माझ्या! फळा पुसला आणि लिहिलं, केंद्रात तो, घरभेटींना मी. आमची तिसरी, गाडी चालवणारी, म्हणाली, चांगलं चाललंय, कशाला हात लावतोस? म्हटलं, टीममध्ये सगळ्यांना सगळी कामं यायला हवीत. चेहरा अगदी सरळ ठेवून म्हटलं! आणि तो पठ्ठ्या म्हणतो कसा, "बरं केलंत दादा, मलाही शिकायला मिळेल." दादा म्हणतो हो मला… चिडायची सोयच ठेवत नाही माणूस.

सोमवारी निघालो, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्या घरी आजोबा चपला शोधतायत, 'आज तो केंद्रात आहे ना?' शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आलात ते बरं झालं, जरा दाराकडे लक्ष ठेवा. त्यापुढच्या घरानं तर न बोलता किल्लीच हातात दिली! अख्खी गल्ली निघाली केंद्राकडे, मी मांडलेल्या खुर्च्यांवर बसायला, आणि मी मधोमध उभा, किल्ल्यांचा जुडगा घेऊन. शेवटी आत्याकडे गेलो, तर तीही पावडर लावून तयार.

"आत्या, मी तुलाच भेटायला आलोय."

"मग बस ना. मी आले की भेटू."

बसलो. काय करणार? संध्याकाळी आली ती, एकदम खुशीत, आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तो सगळ्यांना सांगत होता, गावाला घराबाहेर काढायची युक्ती तुझी. किती हुशार रे तू!" आता बोला! बरं, मी जळत नाहीच, पण एखाद्याला वाटलं जळावंसं, तर थोडी तरी जागा ठेवायची की नाही?

पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक लावलंय मी. केंद्रात तो, घरभेटींना मी. आत्यानं बजावलंय, यात काही बदल करू नकोस म्हणून… कुलूप लावायचा त्रास वाचतो.