सर अडखळतात ते उत्तर नव्हे

नाही, पण छत्तीस सेकंद? छत्तीस सेकंदांत मला माझा चष्मा सापडत नाही हो! आणि ह्या परीक्षावाल्यांचं म्हणणं, तेवढ्यात वाक्य वाचा, चार पर्याय वाचा, इंग्रजीतला नेमका भूतकाळ ओळखा, गोल काळा करा आणि पुढे चला. चला कुठे? तुम्हाला सांगतो, मी बत्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, डॉक्टरेट केली, प्रबंधाचा विषयच भूतकाळ, चारशे बारा पानं, आणि चारशे बाराव्या पानावर निष्कर्ष काय, तर निश्चित असं काही सांगता येत नाही! माझे मार्गदर्शक म्हणाले, "ह्युबर्ट, हे पहिल्याच पानावर लिहिलं असतंस तर आपली दोघांची सहा वर्षं वाचली असती." आता माणसानं असं बोलावं? बरोबरच बोलले म्हणा. म्हणजे, तसं पाहिलं तर...

जाऊ दे. नाझनीनचं सांगत होतो.

नाझनीन म्हणजे आमच्या शिरोड्यातल्या मुख्तारभाईंची मुलगी. मुख्तारभाईंचा मासळी मार्केटाशेजारी बर्फाचा गाळा. पोरगी एम.कॉम., क्लार्कच्या परीक्षेला दोनदा बसली, दोन्ही वेळा इंग्रजीनं पाडली, आणि दुसऱ्या खेपेला तर एका प्रश्नानं! एका! बापानं सांगून टाकलं, "आता ही तिसरी येळ. झाला तर झाला, नाय तर गाळ्यार बस. बर्फाक इंग्रजी लागणा नाय." म्हणून ती गाईड घेऊन माझ्या ओट्यावर हजर. "सर, माका फक्त भूतकाळ समजावन सांगा. बाकीचा पाठ आसा." फक्त भूतकाळ! जसं काही वाण्याकडे फक्त मीठ मागायला आली!

बरं, पहिलाच प्रश्न. मी स्टँडवर पोहोचलो तेव्हा गाडी... आणि पुढे रिकामी जागा. पर्याय एक, लेफ्ट, सुटली. दोन, हॅड लेफ्ट, सुटून गेली होती. तीन, वॉज लीव्हिंग, सुटत होती. चौथा उगाच, संख्या भरायला. आता तुम्हीच मला सांगा, गाडी सुटली कधी? पोहोचलो म्हणजे कुठे पोहोचलो? फाटकाशी? कँटीनशी? गाडीची मागची काच दिसत होती का? आपल्याकडे काय होतं, तुम्ही पोहोचता तेव्हा गाडी उभी असते, कंडक्टर चहा पीत असतो, तुम्ही म्हणता, तेवढ्यात पाण्याची बाटली घेऊ, आणि तुमची पाठ वळली रे वळली की सुटते! तुमच्या देखत! मला तर वाटतं, तुम्ही आलात म्हणूनच सुटते! ती 'सुटून गेली होती' कशी? ज्यानं हा प्रश्न काढला तो गृहस्थ आयुष्यात कधी शिरोड्याहून सावंतवाडीला एसटीनं गेलाय का?

"सर," नाझनीन म्हणाली, "उत्तर दोन. गाईडात दिलेला आसा."

"दिलं असेल गो, पण तसं पाहिलं तर पहिल्या पर्यायावर अन्याय होतो, म्हणजे आपण जर असं समजलो की..."

"सर, छत्तीस सेकंद झाले."

शेजारचे सत्यवान कुंपणापलीकडून ऐकत होते. एसटीत कंट्रोलर होते ते. म्हटलं, वा, हा तज्ज्ञ साक्षीदार. सत्यवानराव, तुम्ही सांगा, गाडी सुटली कधी? तर हा माणूस बिडी विझवून म्हणतो, "गाडी येळेवर सुटली. पॅसेंजर लेट इलो." सबंध नोकरीभर एकच उत्तर! आणि मी... मला हेवा वाटला हो. खोटं कशाला बोलू?

दोन महिने हेच. एकदा दोघांनी मिळून सरावाचा पेपर सोडवला, पंचवीस प्रश्न, पंधरा मिनिटं. तिचे तेवीस सोडवून झाले. माझे? चार. बाकी समासात टिपा. एका ठिकाणी तर मी लिहिलं होतं, 'प्रश्नकर्त्याने खुलासा करावा.' आतून आमची बायको, लुईझा, ओरडली, "ओ, दोनदा ता आपल्या कर्मान पडला, तिसऱ्यांदा तुमी पाडतास काय तेका?" मला जेवण जाईना. खरंच, माझ्या शंका त्या पोरीला लागल्या तर? साथ असते ती! शेवटी सांगितलं तिला, नाझनीन, तू येऊ नको, बाई. माझ्या नादानं तुझा बर्फाचा गाळा होईल.

"नाय सर, तुमी शिकवा. माका मोप उपयोग होता."

आणि काय सांगू, ऐकायची कशी! पुस्तकाकडे नजर नाही, टक लावून माझ्या तोंडाकडे. मी मनात म्हटलं, काय ही निष्ठा! बत्तीस वर्षांत असा एक विद्यार्थी मिळाला नाही. अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

परीक्षेच्या सकाळी मला राहवेना. एक कागद लिहिला, 'दोन नंबरच्या पर्यायाबद्दल फार खात्री बाळगू नये', आणि तिला द्यायला स्टँडवर धावलो. ह्या वयात! चपलेचा अंगठा तुटला तरी धावलो. आणि मी पोहोचलो तेव्हा गाडी... हसू नका! चाकं फिरत होती, नाझनीन खिडकीतून हात हलवत होती, मी कागद हलवत होतो, तिला वाटलं मी आशीर्वाद देतोय. मग आता सांगा, गाडी सुटली कधी?

नाही पोहोचला कागद. देवाची कृपा.

कारण पोरगी पास झाली! नुसती पास नाही, यादीत नाव, नेमणूक! मुख्तारभाई स्वतः हातभर सुरमई घेऊन आले, "सर, ही तुमची. पोरीक घडवलात तुमी." मी फुगलो. का नाही फुगायचं? विचारलं तिला, तो गाडीचा प्रश्न आला होता? "इल्लो सर! तसोच, फक्त स्टँडाच्या जागेर स्टेशन." मग? गाईडातला नियम आठवला, की माझं विवेचन?

ती जरा लाजली. "सर, राग येवचो नाय ना? मी तुमचो चेहरो आठवलंय."

"चेहरा?"

"माका दोन महिन्यांत कळला, सर. बरोबर उत्तराविषयी तुमी कायच बोलणत नाय. ताच्यावरून गुपचूप पुढे जातास. चुकीच्या उत्तराची तुमका माया येता. ज्या पर्यायार तुमी 'तसं पाहिलं तर' म्हणतास, तो मी खोडून टाकलंय. रवलो तो बरोबर."

ऐकलंत? चारशे बारा पानं! सहा वर्षं! आणि माझा उपयोग काय, तर मी कुठे अडखळतो तेवढा!

सत्यवानांनी हे ऐकलं आणि कुंपणाला धरून हसत सुटले. "म्हंजे सर, तुमी आमचो कौल!" कौल ठाऊक आहे ना? देवळात गुरव देवाच्या अंगावर भिजवलेल्या पाकळ्या लावतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी, दर रविवारी चर्चमध्ये वाचन करणारा माणूस, मी कौल! फादरांकडे गाऱ्हाणं घेऊन गेलो, तर ते गंभीरपणे म्हणतात, "ता असांदी, ह्युबर्ट. छपराक निळो पत्रो बरो काय तांबडो?" आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले!

आता तुम्हाला सांगतो, रोज संध्याकाळी ओट्यावर सात पोरं येतात. तलाठी, पोलीस, बँक, सगळ्या परीक्षांची. वही कुणाकडे नाही. पेन नाही. सातजण माझ्या तोंडाकडे बघतात. काल ठरवलं, अद्दल घडवायची, मुद्दाम बरोबर उत्तरावर अडखळायचं. पण मुद्दाम अडखळताना मी असा अडखळलो की ती किशोरी, सर्वांत धाकटी, शेजारणीला म्हणाली, "ह्यां खरां न्हय. खरां अडखळतत तेव्हा कान हलता." कान! माझा कान हलतो! प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत हे कुणी बोललं नाही!

शेवटी चिडून उठलो, गेलो आत. लुईझा चुलीपाशी. म्हटलं, बघ, ही माझी किंमत! ती म्हणाली, "ओ, जेवाक बसा. भात वाढू काय भाकरी?"

मी म्हटलं, "तसं पाहिलं तर, भात..."

तिनं भाकरी वाढली. वर बघितलंसुद्धा नाही. त्रेचाळीस वर्षं झाली लग्नाला, तेव्हापासून ही... आणि मी समजत होतो, संसारातले सगळे निर्णय मी घेतोय!

आणि तुम्हाला सांगतो... मला भाकरीच हवी होती.