स्टेजवरची बाई

— न्हाई साहेब, मी स्टेजवर येनार न्हाई. बसा, चहा घ्या, पर ते सोडा. मागच्या विधानसभेला घोडेगावात चढले एकदा, बास झालं. आमचं मालक धरनात मासं धरताना बुडालं, त्याला म्हैनाबी झाला नव्हता. तुमच्या विमा कंपनीनं माज्या हातात दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक दिला, शेजारी उमेदवार, आन माईकवर — 'कैलासवासी जानकू यांच्या पत्नी लंकाबाई!' टाळ्याच टाळ्या. मीबी बोलले, विमा काढा बायांनो, भाऊंना मत द्या. कुनी पढवलं? तुमीच की. मला वाटलं, ह्यो भला मानूस मदत करतोय. आता सून उज्ज्वला मोबाईलमधी वाचून दाखवती — त्याच इलेक्शनला तुमच्या कंपनीनं त्या भाऊंच्या पक्षाला कोटीनं देनगी दिली. काय? कायद्यात बसतं? बसत आसंल. कायदा तुमच्या मांडीवरच बसतोय, राव.

मला पैसं मिळालं, खोटं कशाला बोलू? दोन लाख, धा दिसात. माजं ऐकून आमच्या डिंभ्यात चाळीस घरांनी फारम भरलं. त्यात शेजारचा भरत. गेल्या पावसाळ्यात त्याची होडी उलटली, तोबी गेला. त्याच्या बायकूला, वृषालीला, काय दिलंत? एक कागद. अंगात लाइफ जॅकेट नव्हतं म्हनून क्लेम नामंजूर. आवो, डिंभ्यात जॅकेट कुनी बघितलंय? आमच्या मालकाच्या अंगात तरी कुठं व्हतं? तुमच्याच साहेबानं लिवलं 'व्हतं' म्हनून, आन मी अंगठा दिला —

हां. बोलले. तुमी कशाला मान खाली घालता? स्टेजवर दाखवायला तुमाला एकच बाई पायजे व्हती, दुसरी नको व्हती, एवढंच ना? भरत मला मावशी म्हनायचा. फारम भरताना इचारलं त्यानं, 'मावशी, मिळत्यात ना पैसं खरंच?' मी म्हनले, मिळत्यात रं, सही कर.

काय म्हनालात? ही गोष्ट भायेर गेली तर पैसं माघारी घ्यावं लागतील? घ्या की. डोक्यावरचा स्लॅब त्या पैशाचाच हाय, काढून न्या. आन सभेला गाडी पाठवायचीच आसंल तर पाठवा — वृषालीला संगं घेऊन येते, जॅकेटचं माईकवर सांगते. नको? मग उठा. ऱ्हाऊ द्या तो चहा. — आवो, तिकडून नको, ते वृषालीचं दार हाय. खालच्या वाटनं जावा.