जोखणारी नजर

दातांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत मी मनात नाम घेत होते. शेजारी मायलेकी बसल्या होत्या. मुलीच्या मांडीवर इंग्रजीचं पुस्तक होतं.

“आई, ‘अप्रेझिंग’ नजर म्हणजे कशी गं?”

“जोखणारी. वस्तू घेण्याआधी आपण उलटसुलट करून बघतो ना, तशी.”

“म्हणजे काल ताईला बघायला आलेल्या काकूंची होती तशी?”

“गप! मोठ्यांबद्दल असं बोलू नये.”

“त्यांनी तिला चालून दाखवायला लावलं. तू कपाट घेताना दारं उघडमीट करून बघितलीस, अगदी तसंच.”

“मुलगी बघताना असं करतातच. ताई काही म्हणाली का?”

“नाही. सकाळी आरशासमोर पुन्हापुन्हा चालून बघत होती.”

“माझा फोन दे इकडे.”

“कुणाला करतेस?”

“त्या काकूंना. आमच्याकडूनच नकार आहे म्हणून सांगते.”